बेशुद्धी अंदाजे अर्धा तास

सिंकखाली पाण्याचा कॉक कुठे आहे ते प्लंबरला दाखवून आमचे नेमके उठले, आणि ओट्यावरच्या कपाटाच्या उघड्या दाराचा कोपरा आणि त्यांची टाळू यांची गाठ पडली. ‘खाड’ असा आवाज त्यांना पक्का आठवत होता. त्यानंतरचं जे आठवत होतं, ते म्हणजे आपण ओट्यापाशी फरशीवर बसलोय, हाताला टेंगूळ लागतंय आणि दारात सासूबाई काठीवर रेलून ओरडतायत, "आले गं बाई, शुद्धीवर आले!"

मधलं काहीच आठवत नव्हतं. मधे काही होतं की नव्हतं, हेही कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या कुणाच्या दिवसात अशी फट पडली असती, तर त्याने टेंगळावर बर्फ धरला असता आणि विषय मिटवला असता. पण नेमके हॉस्पिटलात कोडिंगच्या खात्यात होते. डॉक्टरांनी फाइलमध्ये जे लिहिलं असेल ते वाचायचं आणि प्रत्येक दुखण्याला त्याचा ठरलेला कोड द्यायचा, हे त्यांचं काम. पोटदुखीचा कोड गरीब असतो, दिला की गप्प बसतो. डोक्याला मार लागला की मात्र कोडच उलटतपासणी घ्यायला लागतो. मार मेंदूला की नुसत्या कातडीला? शुद्ध हरपली होती का? हरपली असेल तर अर्ध्या तासाच्या आत परत आली की नंतर? कशाने लागलं? घरात लागलं असेल तर कुठल्या खोलीत? स्वयंपाकघराचा कोड वेगळा, बाथरूमचा वेगळा. आणि हे सगळं घडलं तेव्हा माणूस काय करत होता?

डॉक्टर मंडळी ‘डोक्याला मार’ एवढं खरडून मोकळी होत. मग नेमके फाइल बगलेत मारून त्यांच्या मागे. "डॉक्टर, नेमकं काय? बेशुद्ध होता, का नुसता गरगरला होता? नेमकं किती वेळ?" जे लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही, हा त्यांच्या धंद्याचा पहिला धडा होता आणि तो ते सगळ्या हॉस्पिटलला शिकवत. ‘नेमके’ हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते त्यांना डॉक्टरांनी बहाल केलं होतं आणि इतकं चिकटलं होतं, की नव्याने आलेल्या लोकांना त्यांचं खरं नावच माहीत नव्हतं.

तर असे हे नेमके आज रजेवर होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने नवरा-बायको लेकीकडे निघणार होते. लेकीला मुलगी झाली होती, पहिली नात. घरी आठवडाभर सासूबाई एकट्याच राहायच्या, म्हणून गळका सिंक आजच दुरुस्त करायचा होता. बायको बाळाचे कपडे आणायला बाजारात गेली होती आणि सासूबाई आंघोळीला गेल्या असताना प्लंबर आला होता. हे इथवर सगळं नेमकेंच्या डोक्यात व्यवस्थित, तारीखवार लावलेलं होतं. पुढचंच पान कुणीतरी फाडून नेल्यासारखं झालं होतं.

"आई, मी किती वेळ बेशुद्ध होतो?" त्यांनी फरशीवरूनच विचारलं.

"बोलू नका! हलू नका!" सासूबाई म्हणाल्या. "लेक निघालीय बाजारातून."

"पण नेमकं किती वेळ?"

"अहो, माझा इथे जीव जायची वेळ आली होती, घड्याळ कोण बघतंय!"

तेवढ्यात बायको धापा टाकत आली. हातातली पिशवी तशीच दारात टाकून तिने नवऱ्याचं डोकं बघितलं, डोळे बघितले आणि विचारलं, "काय झालं?"

"तेच विचारतोय," नेमके म्हणाले. "प्लंबर कुठे गेला? त्याला विचारा. तो इथेच होता."

"कोण प्लंबर?" सासूबाई म्हणाल्या. "घरात कुणीसुद्धा नव्हतं."

बायकोने आईकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि शेजाऱ्यांना गाडी काढायला सांगितली.

हॉस्पिटल अर्थातच त्यांचंच. अपघात विभागाच्या दारात स्ट्रेचर लागला आणि ढकलणारा आत बघून ओरडला, "नेमकेंना आणलंय! डोक्याला मार!" खिडकीमागच्या माणसाने ऐकलं आणि कॉम्प्युटरवर तसंच चढवलं. आडनाव नेमके. तक्रार, डोक्याला मार. बायको खिडकीपाशी जाऊन "अहो, आमचं आडनाव ते नाही" असं सांगेपर्यंत फाइल छापून आत गेली होती. "आता सिस्टिममधून बदलायचं तर अर्ज करावा लागेल, ताई," खिडकी म्हणाली.

आत तरुण डॉक्टरीणबाई होत्या. अपघात विभागात त्या नवीन होत्या. नेमकेंनी पाठवलेल्या शंकांच्या चिठ्ठ्या त्यांच्या टेबलावर रोज येऊन पडत, पण तो माणूस त्यांनी जवळून आजच बघितला. मनात थोडं समाधान झालंच असेल तर त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. टॉर्च मारून डोळे बघितले, हातपाय हलवायला लावले आणि मग खुर्ची ओढून बसल्या.

"तुमचं नाव सांगा."

नेमकेंनी आपलं नाव सांगितलं. वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी फाइलवर नजर टाकली, मग सिस्टरकडे. "पुन्हा सांगता?"

त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

"मग नेमके कोण?" बाईंनी हळुवार विचारलं.

"ते तुम्ही लोक मला म्हणता."

"आम्ही? कोण आम्ही?"

"सगळेच. माझ्या पाठीमागे."

बाईंनी लिहिलं : ‘स्वतःचं आडनाव चुकीचं सांगतात. लोक आपल्या पाठीमागे बोलतात असं वाटतं.’

नेमकेंना उलटं वाचायची सवय होती, डॉक्टरांच्या टेबलासमोर उभं राहून राहून ती जडली होती. ते एकदम उठायला गेले. "डॉक्टर, ते खोडा. तसं नाहीये ते."

"झोपून राहा. आज वार कोणता?"

"शुक्रवार. पण मी रजेवर आहे, त्यामुळे मला सकाळपासून शनिवारसारखं वाटतंय."

बाईंचं पेन पुन्हा चाललं.

"बेशुद्ध किती वेळ होतात?"

"हे मीच तुम्हाला विचारणार होतो."

"मी तिथे नव्हते."

"मीही नव्हतो, असं दिसतंय," नेमके म्हणाले आणि म्हणता म्हणता स्वतःच दचकले. आजवर अशी ‘आठवत नाही’ लिहिलेली शेकडो माणसं त्यांच्या टेबलावरून गेली होती. त्यांना त्यांनी कोड दिला होता आणि बाजूला ठेवलं होतं. आठवत नाही म्हणजे आत असं गार, रिकामं वाटत असेल, हे काही कुठल्या फाइलमध्ये लिहिलेलं नव्हतं.

"मी किती वेळ बेशुद्ध होतो?" त्यांनी सिस्टरला विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "आराम करा." थोड्या वेळाने सलाइन बघायला आल्या तर पुन्हा, "सिस्टर, मी नेमका किती वेळ बेशुद्ध होतो? कुणी काही बोललं का?" स्कॅनला नेताना ढकलणाऱ्याला तेच. स्कॅन काढणाऱ्याला तेच. स्कॅनहून परत आणेपर्यंत सिस्टरांनी फाइलमध्ये नोंद केली होती : ‘एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात.’

डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या बाबतीत हे लक्षण काही चांगलं नव्हे. नेमकेंना हे माहीत होतं. इतरांच्या फाइलमध्ये ते त्यांनी कितीदा वाचलं होतं.

"अहो, मी तर रोजच विचारतो!" ते कळवळून म्हणाले.

"रोज?" डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. "म्हणजे हा त्रास जुना आहे?"

यानंतर नेमकेंनी थोडा वेळ काहीच न बोलायचं ठरवलं. सिस्टरांनी लिहिलं : ‘प्रतिसाद मंदावला आहे.’

स्कॅन चांगला आला. आत रक्त नाही, कुठे चीर नाही. बायकोने डोळे पुसले आणि पहिला प्रश्न विचारला, "मग उद्या गाडीत बसवू ना यांना?"

"ते बेशुद्धी किती वेळ होती त्यावर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पडताना कुणी बघितलं?"

सासूबाईंना पुढे करण्यात आलं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, पदर सारखा केला आणि सुरुवात केली.

"मी आंघोळ करून हॉलमध्ये बसले होते. चष्मा कुठे ठेवला ते सापडत नव्हतं, म्हणून म्हटलं जरा बसावं. तर आतून आवाज आला, खाड! माझे गुडघे हे असे. उठले, काठी घेतली, गेले. दारातून बघते तर काय, ओट्यापाशी हे एवढे लांबलचक पाय! डोकं तिकडे आत, अंधारात. हाक मारली, जावईबापू! हूं नाही का चूं नाही. पुन्हा हाक मारली. पाय ढिम्म हलेनात. लेकीला फोन केला. मला खाली वाकता येत नाही, म्हणून तिथेच खुर्ची ओढून बसले आणि हाका मारत राहिले. घसा बसला माझा. शेवटी शेजाऱ्यांना बोलवायला गेले. ते दार लवकर उघडतात होय! परत येते तर हे उठून बसलेले."

"अंदाजे किती वेळ झाला असेल, आजी?"

"अर्धा तास तर कुठे गेला नाही."

"अंदाजे लिहू नका, डॉक्टर!" कॉटवरून आवाज आला. "अर्ध्या तासाच्या आत की बाहेर, तेवढं विचारा. आई, आत की बाहेर?"

"आत!" सासूबाई ठणकावून म्हणाल्या. "बाहेर कशाला येताय! स्वयंपाकघराच्या आतच पडला होतात की!"

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं : ‘बेशुद्धी अंदाजे अर्धा तास.’

"पण एक सांगा," नेमके आता कोपरावर उठले होते. "डोकं आत कसं? मी वरच्या कपाटाला आपटलो. वर आपटलेला माणूस सिंकखालच्या कपाटात कसा शिरेल? इजा कशी झाली, हे जुळत नाहीये. त्या प्लंबरला बोलवा. तो होता सिंकखाली."

"बघा, पुन्हा प्लंबर," सासूबाई कुजबुजल्या. त्यांची कुजबुज वॉर्डभर ऐकू जायची.

"प्लंबर होता का घरी?" बाईंनी बायकोला विचारलं.

बायको बिचारी कात्रीत सापडली. "बोलावला होता मी," ती म्हणाली. "पण मी निघेपर्यंत आला नव्हता. आणि तो सांगितल्या दिवशी आलाय, असं आजवर झालेलं नाही." तिने फोन लावून पाहिला. बराच वेळ वाजला, कुणी उचलला नाही. "फोन उचलत नाहीये, म्हणजे नेहमीसारखाच आहे. आला नसणार."

‘घरात प्लंबर आल्याचा भास,’ बाईंनी लिहिलं आणि फाइल मिटली. "दोन दिवस इथे ठेवूया. स्कॅन चांगला आहे, पण एवढा वेळ शुद्ध नव्हती, मधलं काही आठवत नाही आणि बोलण्यात गोंधळ आहे. प्रवास नको."

बायको कॉटच्या कडेला बसली आणि चादरीची सुरकुती काढत राहिली, नसलेली.

"तू जा पुढे," नेमके म्हणाले.

"आणि तुम्हाला इथे असं टाकून?"

"मग लेकीला कळव निदान."

"अजिबात नाही. ओली बाळंतीण आहे ती. तिच्या जिवाला घोर कशाला? सांगेन उद्या काहीतरी, गाडी चुकली म्हणून."

"मी गेले असते," सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या. "पण मला कोण नेतंय? प्रवास झेपणार नाही म्हणे मला. पणतीचं तोंड बघायला गुडघे लागतात का? बघायला डोळे लागतात."

नेमकेंनी डोळे मिटून घेतले. सासूबाईंना प्रवास झेपणार नाही, हा शोध त्यांचाच होता. खरं म्हणजे सासूबाईंबरोबरचा प्रवास त्यांना झेपणार नव्हता. त्या एकदा बोलायला लागल्या की स्टेशनं येत आणि जात, पण त्यांचं वाक्य चालूच राही.

दुपार कलली तशी खात्यातली त्यांची सहकारी आली. ही मुलगी त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. तिने हातातली संत्री टेबलावर ठेवली, "कसं वाटतंय सर?" विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पर्समधून चिठ्ठी काढली.

"सर, या वेळी विचारणं बरं दिसत नाही, पण तुमची फाइल माझ्याकडे आलीय."

"मग?"

"काहीच जुळत नाहीये. एका पानावर नाव वेगळं, एका पानावर वेगळं. आपटलात वर, सापडलात खाली. बेशुद्धी ‘अंदाजे अर्धा तास’. म्हणजे मी आतला कोड लावू का बाहेरचा? आणि सर," तिने आवाज खाली आणला, "भासातल्या प्लंबरला काही कोड आहे का?"

"भास नव्हता तो! त्याने माझ्याकडे वायसर मागितला!"

"तसं कुठे लिहिलेलं नाहीये, सर."

नेमकेंना पहिल्यांदाच वाटलं, की खरंच प्लंबर होता का? त्याचा चेहरा त्यांना आठवेना. आठवत होते ते फक्त सिंकखालून बाहेर आलेले दोन पाय. माणूस नुसत्या पायांवरून खरा आहे हे कसं सिद्ध करणार?

ते असे चाचपडत असतानाच वॉर्डच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. हातात कागदाची छोटी पुडी, अंगावर ओल्या गुडघ्यांची करडी पँट. एकेका कॉटवरचा चेहरा न्याहाळत तो पुढे आला आणि नेमकेंपाशी थांबला.

"अहो साहेब, किल्ली द्या ना घराची," तो म्हणाला. "केव्हाचा हिंडतोय मी."

"कोण आपण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्या पलीकडच्या कॉटपाशी होत्या.

"प्लंबर."

नेमकेंनी हात लांब करून त्याच्या मनगटाला बोट लावून बघितलं. मनगट होतं.

"वायसर आणायला गेलो," प्लंबर सांगू लागला. "परत येतो तर घराला कुलूप! माझी हत्यारं आत सिंकखालच्या कपाटात, फोन हत्यारांच्या पिशवीत. शेजारी म्हणाले सगळे हॉस्पिटलात गेलेत. त्यात या हॉस्पिटलात एवढे मजले. प्रत्येक ठिकाणी तुमच्या दारावरच्या पाटीवरचं नाव सांगतो, तर त्या नावाचा पेशंटच नाही म्हणतात."

"तुम्ही सकाळी यांच्या घरी होता?" डॉक्टरीणबाई पुढे आल्या. "यांना पडताना बघितलंत?"

"पडले कुठे? मी सिंकखाली होतो. वर खाड आवाज झाला. साहेब ‘अगं आई’ म्हणाले. मग त्यांचे पाय वळले आणि चालत बाहेर गेले."

"चालत?"

"चालत. जरा तिरके गेले, पण गेले. चेहरा मला दिसत नव्हता, पण पाय शुद्धीवर होते."

"मग मला दिसलं ते कोण?" सासूबाईंनी विचारलं. आता त्यांच्या डोळ्यांवर चष्मा होता. त्यांची नजर प्लंबरच्या पँटवरून खाली खाली गेली आणि बुटांपाशी थांबली. "लांबलचक पाय..." त्या पुटपुटल्या.

"तुम्हीच का हाका मारत होता, आजी?"

"तू ऐकत होतास?"

"ऐकत होतो की. पण तुम्ही ‘जावईबापू, जावईबापू’ करत होता. मी कशाला ओ देऊ? मी काय तुमचा जावई आहे?"

"अरे, पण हलायचं तरी!"

"एका हातात नट, दुसऱ्या हातात पाइप, दातात टेप. हललो असतो तर घर वाहून गेलं असतं, आजी. मला वाटलं, तुमच्या घरची भांडणं आहेत, आपण मधे कशाला पडा? तुम्ही उठून गेलात, तसा मी वायसर आणायला निघालो."

नेमकेंची सहकारी भराभर लिहून घेत होती. बायको हसावं का रडावं हे न कळून तोंडावर हात धरून बसली होती. सासूबाई मात्र खवळल्या. "एवढा मी देवाचा धावा केला! तो सगळा या प्लंबरसाठी?"

"माझा नट सुटला ना एकदाचा," प्लंबर समजुतीने म्हणाला. "वाया नाही गेला."

नेमकेंना वाटलं, सुटलो. पण डॉक्टरीणबाई भुवया आवळून उभ्या होत्या. दुसऱ्याच्या फाइलमधल्या फटी शोधायची सवय त्यांना नेमकेंच्याच चिठ्ठ्यांनी लावली होती.

"ओट्यापाशी तुम्ही नव्हता, हे कळलं," त्या म्हणाल्या. "मग त्या अर्ध्या तासात होता कुठे? पाय चालत गेले, ते कुठे जाऊन पडले?"

सगळ्यांनी प्लंबरकडे पाहिलं. तोही विचारात पडला. पायांची हद्द त्याला दारापर्यंतच दिसली होती.

इतक्यात बायकोचा फोन वाजला. लेकीचा होता. बायकोने सगळ्यांना गप्प राहण्याची खूण केली आणि गोड आवाज काढला. "हं, बोल गं. कशी आहे बाळी?"

"आई, बाबांचा फोन बंद का लागतोय?"

"बाबा ना... झोपलेत ते."

"बरे आहेत ना? सकाळी माझ्याशी एवढं बोलले, मग मधेच फोन कट झाला तो झालाच. चार्जिंग संपलं असेल."

बायको ताडकन उभी राहिली. "सकाळी बोलले? कधी?"

"तू बाळीचे कपडे आणायला गेली होतीस ना, तेव्हा. चांगले अर्धा तास बोलले."

डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला, फोन घेतला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. मग आपण कोण ते सांगून, काळजीचं कारण नाही असं दोनदा बजावून, त्यांनी विचारलं, "वडील नीट बोलत होते का? अडखळत होते?"

पलीकडे लेक आधी घाबरली, मग सावरली. "नाही हो. उलट नेहमीपेक्षा छान बोलत होते. एरवी ‘कशी आहेस, बरी आहेस, ठेवतो’ एवढंच असतं. आज बाळीला गाणंसुद्धा म्हणून दाखवलं. बाबांना गाता येतं हे मला आजच कळलं. आवाज मस्त घुमत होता, बाथरूममधून बोलत असणार."

"म्हणजे जागा बाथरूम?" सहकारीने पेन थांबवून विचारलं.

"आपटलो स्वयंपाकघरात!" नेमके ओरडले. "गायलो बाथरूममध्ये!" आणि मग स्वतःच्याच वाक्याकडे आ वासून बघत राहिले. कारण त्यांना काहीच आठवत नव्हतं. आरशात टेंगूळ बघायला गेलो असेन, तिथल्या स्टुलावर बसलो असेन, खिशातला फोन काढला असेल, तो बंद पडल्यावर पुन्हा ओट्यापाशी येऊन टेकलो असेन, हे सगळं पटण्यासारखं होतं. पण गाणं?

"आणि आजी आहे का गं तिथे?" लेक सांगत होती. "आजीला सांग, बाबा उद्या तिलाही घेऊन येतायत. स्वतःहून म्हणाले. म्हणाले, पणजीने बघायला नको का बाळीला? मी हाताला धरून आणतो, झेपत कसं नाही ते बघू. मी तर रडलेच, आई."

सासूबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. दिवसभरात पहिल्यांदाच त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या जावयाकडे बघत राहिल्या.

डॉक्टरीणबाईंनी फोन परत दिला आणि कॉटपाशी आल्या. "म्हणजे शुद्ध हरपली नव्हती, हे ठरलं. आता शेवटचा प्रश्न. हे बोललेलं तुम्हाला आठवतंय का? आठवत असेल, तर सूचना देते आणि घरी सोडते. उद्या जा खुशाल. आठवत नसेल, तर थांबावं लागेल."

नेमकेंनी बायकोकडे पाहिलं. ती बाळाच्या कपड्यांची पिशवी छातीशी धरून बसली होती, एवढ्या गडबडीत ती पिशवी तिने घरून कधी उचलली कोण जाणे. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या अजून त्यांच्याकडेच बघत होत्या. आयुष्यभर ज्यांनी एक अक्षर अंदाजे लिहू दिलं नाही, त्या माणसाने घसा खाकरला.

"आठवतंय," ते म्हणाले.

"सगळं?"

"शब्द न् शब्द."

"गाणं कोणतं म्हणालात?"

नेमकेंनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. सहकारी पेन रोखून उभी होती. प्लंबरही उत्सुकतेने पुढे झुकला.

"अहो डॉक्टर, काहीतरीच काय!" सासूबाई मधे पडल्या. "चारचौघांत गाणं सांगायला माणसाला लाज वाटत नाही का? आठवतंय म्हणाले ना ते? मग आठवतंय!"

डॉक्टरीणबाईंनी नेमकेंकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग फाइल उघडली. "शंका लिहिता येत नाही," त्या म्हणाल्या. "पेशंट जे सांगतो ते लिहिता येतं." त्यांनी ते लिहिलं, सही केली आणि बायकोला सूचना दिल्या. उलटी झाली, डोकं फार दुखलं, झोपेतून उठवून उठेनात, तर जिथे असाल तिथल्या हॉस्पिटलात लगेच न्यायचं. "आणि प्रवासात यांच्याजवळ कुणीतरी जागं माणूस हवं. मधूनमधून बोलतं ठेवा. साधे प्रश्न विचारायचे, उत्तरं बरोबर येतात का बघायचं."

"मी आहे ना!" सासूबाईंनी काठी उचलली. त्यांचा चेहरा एकदम दहा वर्षांनी तरुण दिसत होता. "मी बसते त्यांच्या शेजारी. डोळ्यांत तेल घालून बसते. डोळा लागू देणार नाही वाटभर!"

बायकोने प्लंबरच्या हातावर किल्ली ठेवली आणि सासूबाईंच्या तिकिटासाठी फोन लावत बाहेर गेली. नेमके चपला शोधायला वाकले, आणि वाकताना आधी वर काही आहे का ते पाहून घेतलं. सासूबाई तोवर कॉटवर त्यांच्या अगदी शेजारी येऊन बसल्या होत्या.

"जावईबापू," त्यांनी प्रेमाने हाक मारली, "माझ्या धाकट्या बहिणीच्या मोठ्या जावेचं माहेर कुठलं, सांगा बघू?"

नेमकेंनी आठवून पाहिलं. हे त्यांना डोकं धड असतानाही माहीत नव्हतं.

"नाही ना येत?" सासूबाईंनी पाय वर घेतले आणि मांडी घातली. "थांबा, पहिल्यापासून सांगते."